लेकीला वैमानिक व्हायचंय, जमीन विकू का?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. साडेतीन एकर बाग आहे, सोसायटीची थोडी बाकी आहे. मोठी लेक यंदा बारावी सायन्सला ७६ टक्क्यांनी पास झाली. आमच्या शिवारावरून ओझरची सुखोई विमानं जातात, ती बघतच ती मोठी झाली. आता म्हणते, पायलटच व्हायचं. शहरातल्या एका सल्लागाराकडे गेलो. तो म्हणाला, परदेशात दहा महिन्यांत लायसन्स, नोकरीची हमी, सगळे मिळून ६५ लाख. या महिन्यात ५ लाख भरून सीट पक्की करा. दीड एकराला गिऱ्हाईक तयार आहे. लेकीला दीड नंबरचा चष्मा आहे. माझी आई म्हणते, पोरीच्या जातीला हे कसलं वेड. धाकटा मुलगा नववीत आहे. एसपीएल, पीपीएल, सीपीएल यातलं नेमकं काय घ्यायचं असतं तेही मला उमगत नाही. काय करू?
— एक बाप, निफाड

उत्तर

भाऊ, नमस्कार.

आधी त्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगा आणि ते ५ लाख अजिबात भरू नका. बाकीचं सगळं सावकाश बोलू.

मी अठरा वर्षं मुलांना विमान उडवायला शिकवलं. या काळात जे बाप बुडालेले पाहिले, त्यातल्या बहुतेकांची चूक एकच होती. जो खर्च सगळ्यात शेवटी करायचा, तो त्यांनी सगळ्यात आधी केला. वैमानिक होण्याच्या वाटेवर काही पायऱ्या अगदी स्वस्त आहेत, काही हजारांच्या. पण तिथे 'नाही' असं उत्तर मिळालं तर पुढचं सगळं तिथेच थांबतं. म्हणून त्या पायऱ्या आधी चढायच्या आणि लाखांची पायरी त्यानंतर. सल्लागार लोक हा क्रम उलटा सांगतात, कारण त्यांची दलाली लाखांच्या पायरीवर असते.

पहिली स्वस्त पायरी म्हणजे मेडिकल. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे सगळे ज्याला डीजीसीए म्हणतात, त्यांच्या यादीवरच्या डॉक्टरांकडे 'क्लास टू' तपासणी होते. डॉक्टरांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. ही तपासणी पास झाल्यावर 'क्लास वन'. ती जास्त कसून होते आणि ठरावीक केंद्रांवरच होते. बंगळुरूला हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आहे, दिल्लीला एएफसीएमई हे हवाई दलाचंच वैद्यकीय केंद्र आहे, आणखीही केंद्रं आहेत. ईसीजी, छातीचा एक्स-रे, कानांची तपासणी, रक्त-लघवी आणि डोळे बारकाईने बघतात. पगार घेऊन विमान उडवायचं तर क्लास वन लागतोच, आणि नोकरीत राहायचं तर तो पुन्हा पुन्हा काढत राहावा लागतो.

माझ्याकडे एक मुलगा आला होता. वडिलांनी गावातला प्लॉट विकून आठ लाख 'सीट बुकिंग' म्हणून एका संस्थेत आधीच भरलेले. मेडिकलला गेल्यावर रंगांच्या ठिपक्यांचं ते पुस्तक समोर ठेवलं, आणि त्याला त्यातले आकडेच दिसेनात. लाल-हिरव्यातला फरक त्याला जन्मापासून कळत नव्हता, आणि एकोणीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पैसे परत मिळाले नाहीत. त्याच्या वडिलांचा चेहरा आजही माझ्या डोळ्यासमोर येतो, म्हणून तुम्हाला एवढ्या तळमळीने सांगते आहे. निफाडच्या किंवा नाशिकच्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे उद्याच जा आणि 'रंगदृष्टी तपासून द्या' म्हणा. दहा मिनिटांचं काम आहे.

चष्म्याची भीती मात्र मनातून काढून टाका. नागरी विमानसेवेत चष्मा चालतो. चष्मा लावून नजर नीट यायला हवी आणि उड्डाणाच्या वेळी दुसरा चष्मा जवळ बाळगावा लागतो, एवढंच. दीड नंबर ही काळजी करण्यासारखी गोष्ट नाही. कुणी सांगितलं म्हणून घाईने लेझर शस्त्रक्रिया करून घेऊ नका. त्यानंतर काही काळ मेडिकलला अपात्र धरतात.

आता लायसन्सचं. सल्लागाराने तीन नावं सांगून तुम्हाला गोंधळात पाडलं. खरं तर ही एकाच जिन्याची पायठणं आहेत.

एसपीएल म्हणजे स्टुडंट पायलट लायसन्स. आपल्याकडे शिकाऊ लायसन्सवर दुचाकी शिकतात, तसंच. वयाची सोळा वर्षं पूर्ण आणि दहावी पास असलं की मिळतं. यावर आधी प्रशिक्षकाबरोबर आणि मग त्याच्या देखरेखीखाली एकट्याने, म्हणजे 'सोलो', उडता येतं. पीपीएल म्हणजे प्रायव्हेट पायलट लायसन्स. वय सतरा आणि किमान ४० तासांचं उड्डाण. यावर तुमची लेक तुम्हाला शेजारी बसवून फिरवून आणू शकेल, पण त्याचा एक रुपयाही घेऊ शकणार नाही. हौसेसाठी उडणारे इथेच थांबतात. नोकरी करायची असेल तर पीपीएल घेतलंच पाहिजे असंही नाही. बरीच मुलं एसपीएलवरून थेट सीपीएलकडे जातात.

पोटापाण्याचं लायसन्स म्हणजे सीपीएल, कमर्शियल पायलट लायसन्स. वय अठरा, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, क्लास वन मेडिकल आणि २०० तासांचं उड्डाण. त्या दोनशेतले १०० तास 'पायलट इन कमांड' म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. २० तास क्रॉस कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे, त्यात एक प्रवास किमान ३०० नॉटिकल मैलांचा. आपल्या हिशेबाने तो साडेपाचशे किलोमीटरच्या वर जातो, आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरावं लागतं. शिवाय पाच तास रात्रीचं उड्डाण, आणि बाहेर काही न बघता फक्त यंत्रांवर विसंबून उडायचे दहा तास. याला जोडून 'इन्स्ट्रुमेंट रेटिंग' आणि दोन इंजिनांच्या विमानाचं 'मल्टी-इंजिन रेटिंग' घ्यावं लागतं, कारण ती दोन नसतील तर एअरलाइन अर्जच बघत नाही. वायरलेसवर बोलण्याचं वेगळं लायसन्स असतं, त्याची परीक्षाही वेगळी.

एवढं झाल्यावरही एअरबस किंवा बोइंगमध्ये बसता येत नाही. त्या विशिष्ट विमानाचं 'टाइप रेटिंग' लागतं, ते सिम्युलेटरवर होतं. मग सहवैमानिक. तिथे १५०० तास भरले, वय एकवीसच्या पुढे असलं आणि पुन्हा परीक्षा दिल्या की एटीपीएल, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स, मिळतं, आणि कॅप्टनची खुर्ची त्यानंतर. म्हणजे 'सीपीएल झालं, पोरगी कॅप्टन झाली' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. सीपीएल झालं की ती रांगेत उभी राहायला पात्र झाली.

दुसरी स्वस्त पायरी म्हणजे डीजीसीएचे पेपर. नॅव्हिगेशन, हवामान, हवाई नियम आणि तांत्रिक विषय. प्रत्येक पेपरला ७० टक्के लागतात. हे पेपर द्यायला फ्लाइंग स्कूलमध्ये प्रवेश घ्यावा लागत नाही, घरी बसून अभ्यास करता येतो. डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी केली की 'कॉम्प्युटर नंबर' मिळतो. त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची मंडळाकडून पडताळणी करून आणावी लागते. तुमचं विभागीय मंडळ नाशिकलाच आहे, तिथला अर्ज याच आठवड्यात टाका, कारण त्या कागदासाठी मुलांचे महिने जातात.

पेपर आधी काढण्यात आणखी एक फायदा आहे, तो कुणी सांगत नाही. आकाशात सुखोई बघून जे वाटतं ते वेगळं, आणि रात्री अकराला वाऱ्याच्या त्रिकोणाचं, म्हणजे वारा विमानाला किती बाजूला सारतो त्याचं, गणित सोडवताना जे वाटतं ते वेगळं. या धंद्यात दुसरं जास्त असतं. ढग कसे बनतात, पुढे डोंगर असेल तर वारा कसा वागतो, इंजिनाच्या कार्बुरेटरमध्ये बर्फ का धरतो, हे वाचताना तिला तहानभूक विसरायला होत असेल तर ती खरी या वाटेची. सहा महिन्यांत पुस्तक मिटून ठेवलं तरी तुमचे गेले किती, पुस्तकांचे आणि परीक्षा शुल्काचे. माझ्या हाताखालच्या मुलांत जी सगळे पेपर काढून आली होती, त्यांचे तास लवकर भरले, कारण ती प्रत्येक उड्डाणात काय करतो आहोत ते समजून करायची. जी पेपर बाकी ठेवून आली, ती सकाळी उडायची, दुपारी झोपायची आणि वर्षभर एकाच विषयात अडकायची.

लेक मराठी माध्यमातली असेल तर इंग्रजीची तयारी आजपासून सुरू करा. पेपर इंग्रजीत, वायरलेस इंग्रजीत, आणि इंग्रजी बोलण्याची वेगळी चाचणी असते. तिच्या सहा पातळ्या असतात, त्यातली किमान चौथी लागते. फाडफाड बोलण्याची गरज नाही. कंट्रोल टॉवरने सांगितलेलं एकदाच ऐकून बरोबर परत म्हणता आलं पाहिजे. निफाडच्या मुलीला ते जमतं. मी खेड्यातून आलेली कितीतरी मुलं त्यात तरबेज झालेली पाहिली आहेत.

मेडिकल आणि पेपर हातात आले की मगच फ्लाइंग स्कूल. महाराष्ट्रात धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी शाळा आहेत. १९२८ मध्ये सुरू झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब आता आपली उड्डाणं धुळ्याहून करतो. जेआरडी टाटा या क्लबमध्ये शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतातलं पहिल्या क्रमांकाचं लायसन्स मिळालं. धुळं तुमच्यापासून अडीच-तीन तासांवर. एक दिवस तिला घेऊन जा आणि नुसतं बघून या. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे, तिची प्रवेश परीक्षा असते. ती परीक्षा लेकीने दिलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. पास झाली तर उत्तम संस्था मिळेल, नाही झाली तर आपण कुठे आहोत ते कळेल.

शाळा बघायला गेलात की कार्यालयात चहा घेऊन परत येऊ नका. हँगरवर जा आणि मोजा: विमानं किती उभी आहेत आणि त्यातली उडण्याच्या स्थितीत किती? प्रशिक्षक किती आणि विद्यार्थी किती? पंधरा विद्यार्थ्यांमागे एक चालू विमान असेल तर दोनशे तास भरायला तीन वर्षंही लागू शकतात, आणि हॉस्टेल, मेस, भाडं त्या तीन वर्षांचं तुमच्या माथी. बाहेर टपरीवर मुलं असतात, त्यांना विचारा की गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले. पावसाळ्यात आपल्याकडे ढग खाली येतात आणि शिकाऊ उड्डाणं दिवसेंदिवस बंद राहतात, तो काळही हिशेबात धरा. २०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलांना श्रेणी देऊ लागली आहे, तीही बघा. आणि पैसे नेहमी हप्त्याने, जेवढे तास उडाले तेवढे. सगळी रक्कम एकदम मागणाऱ्या शाळेतून उठून या.

एक गोष्ट मी हात जोडून सांगते. कुणी 'तास लिहून देतो' म्हणालं, म्हणजे न उडता लॉगबुकात तास भरून देण्याची तयारी दाखवली, तर तिथे क्षणभरही थांबू नका. २०११ मध्ये खोट्या गुणपत्रिकांवर लायसन्स काढलेले वैमानिक पकडले गेले, अटक झाली. पण अटक ही त्यातली लहान गोष्ट. तो न उडलेला तास एखाद्या रात्री, वाऱ्या-पावसात, मागे दीडशे-दोनशे माणसं बसलेली असताना लागतो. तेव्हा तो हाताशी नसतो.

परदेशाचं म्हणाल, तर तिथे शिकणं वाईट नाही. हवा चांगली असेल तिथे तास भराभर होतात. पण तिकडचं लायसन्स इथे तसंच चालत नाही, ते डीजीसीएकडून 'कन्व्हर्ट' करून घ्यावं लागतं. त्यासाठी इथल्या परीक्षा आणि चाचण्या द्याव्या लागतात. सल्लागाराच्या दहा महिन्यांत ते धरलेलं नाही, आणि त्याच्या ६५ लाखांत टाइप रेटिंग आहे का, तेही लेखी विचारा. नोकरीच्या हमीबद्दल तर एकच विचारा: हमी देणारी एअरलाइन कोणती आणि तिच्या शिक्क्याचं पत्र कुठे आहे? काही एअरलाइन स्वतःच्या 'कॅडेट' योजना चालवतात, तिथे निवड त्या स्वतः करतात. त्यांचा एकूण खर्च मात्र कोटीच्या घरात जातो. बाकी कुणाच्याही हातात नोकरी नसते.

आता पैशाचं. भारतात सीपीएलचा एकूण खर्च आज ढोबळमानाने ५० लाखांच्या आसपास धरा, टाइप रेटिंगचे पंधरा-वीस लाख वेगळे. समजा ५० लाख कर्ज काढलं, व्याज ११ टक्के, दहा वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे ६९ हजार येतो. शिकत असतानाचं व्याजच वर्षाला साडेपाच लाख. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात, आणि शेतजमीन तारण घ्यायला त्या कचरतात, कारण कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण विकू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणूनच सल्लागार तुम्हाला विक्रीकडे ढकलतो आहे. गावातलं घर किंवा बिनशेती प्लॉट असेल तर आधी त्यावर बँकेशी बोला. समाजकल्याण खात्यात आणि तुमच्या प्रवर्गाच्या महामंडळातही जाऊन विचारा.

शिवाय नोकरीची रांगही हिशेबात धरा. २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज, २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट. अशा प्रत्येक वेळी हजारो तास उडालेले वैमानिक रस्त्यावर आले आणि नोकरीच्या रांगेत तुमच्या लेकीसारख्या नव्या मुलांच्या पुढे उभे राहिले. मग पुन्हा भरती उघडली, विमानं आली, सहवैमानिक घेतले गेले. हा धंदा असा वर-खाली होतो. सीपीएल झाल्यावर वर्ष-दोन वर्षं थांबावं लागलं तर घर चालेल का, आणि मधल्या काळात लायसन्स जिवंत ठेवायला अधूनमधून उडायचे पैसे असतील का, हे आजच ठरवायला हवं. त्या काळासाठी हाताशी पदवी असावी. तुमच्या नाशिकलाच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, तिथे तिचं नाव घालून ठेवा.

दीड एकर विकायचं का, याला माझं उत्तर असं: क्लास वन हातात, सगळे पेपर पास, पदवीला नाव घातलेलं, आणि धाकट्याच्या शिक्षणाचा हिशेब वेगळा काढलेला, एवढं झाल्याशिवाय नाही. एवढं झालं आणि तरीही पैसे कमी पडत असतील, तर ती चर्चा करायला मी तुमच्याबरोबर बसेन. द्राक्षाची बाग उभी करायला काय लागतं ते तुम्ही मला शिकवायला नको, माझं माहेर दिंडोरीचं.

आणि ओझरच्या त्या सुखोईबद्दल. ती विमानं उडवायला एक पैसाही लागत नाही, उलट सरकार पगार देतं. खडकवासल्याच्या एनडीएत २०२२ पासून मुलीही जातात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं आणि वय साडेसोळा ते साडेएकोणीस. परीक्षा वर्षातून दोनदा असते. तुमच्या लेकीला अजून संधी आहे. पुढे पदवी झाल्यावर एएफसीएटी परीक्षेतूनही हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेत जाता येतं. तिथे डोळ्यांचे निकष जास्त कडक आहेत, चष्म्याचा नंबर आड येऊ शकतो, ते आधी तपासा. आणि हवाई दलाची वैमानिक योग्यता चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून तयारी न करता तिथे जाऊ नये. ही वाट अवघड आहे, निवड फार थोड्यांची होते. पण अर्ज भरायचा खर्च नाममात्र असताना तो न भरणं मला पटत नाही.

ड्रोनचं लायसन्सही असतं, रिमोट पायलट सर्टिफिकेट. दहावी पास आणि वय अठरा पुरतं. ते वैमानिकपद नव्हे, पण फवारणीच्या कामाला आज मागणी आहे आणि तुम्ही बागायतदार आहात, म्हणून कानावर घालते.

आजींना माझा नमस्कार सांगा. त्यांना सांगा की १९३६ मध्ये सरला ठकराल यांनी साडी नेसून विमान उडवलं आणि लायसन्स मिळवलं. १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान कोलकात्याहून सिलचरला गेलं, त्यात सगळ्या बायका होत्या आणि कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख. आज जगातल्या सरासरीच्या कितीतरी पुढे भारतात स्त्री वैमानिकांचं प्रमाण आहे. मी पहिल्यांदा सोलो उडाले तेव्हा माझ्याही आजीने दोन दिवस अन्न टाकलं होतं. मग गावभर पेढे वाटले तेही तिनेच. आजींना एकदा धुळ्याला बरोबर घेऊन जा.

लेकीला रंगदृष्टी तपासणीला उद्या पाठवा, मंडळाच्या पडताळणीचा अर्ज या आठवड्यात टाका आणि क्लास टू महिन्याभरात करून घ्या. त्याचा निकाल आला की मला पुन्हा लिहा, आणि पुढचं पत्र तिला स्वतःला लिहायला सांगा.